जादा ताट

लेशेक व्होल्स्की हा चांगला नावाजलेला लेखक होता आणि केंब्रिजमध्ये ही गोष्ट त्याच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. पोलंडमध्ये त्याच्या नावावर तीन कादंबऱ्या, चार नाटकं आणि एक पुरस्कार होता. इथं त्याच्या नावावर एक ॲप्रन होता. एका कॉलेजच्या किचनमध्ये भांडी धुण्याच्या मशीनवर तो उभा असे आणि पोरांनी आणून टाकलेले ट्रे रिकामे करत असे.

घात केला तो तिसऱ्या कादंबरीनं. बायको वारली तेव्हा मुलगी हान्का सतरा वर्षांची होती, शाळेच्या वसतिगृहात. आईबद्दल जे कुणापाशी बोलता येत नव्हतं ते तिनं बापाला पत्रांतून लिहिलं. बापानं त्यातली दोन पत्रं जशीच्या तशी कादंबरीत घातली. लेखकाची जातच मेली अशी; घर पेटलं तरी आधी ज्वाळांचा रंग बघून घेईल. कादंबरी गाजली. वर्गात कुणीतरी ती पत्रं मोठ्यानं वाचून दाखवली आणि हान्कानं बापाशी बोलणं टाकलं. पुढं ती शिकायला एडिनबराला निघून गेली.

दोन वर्षांनी लेशेकही या देशात आला, पण राहिला केंब्रिजमध्ये. एडिनबराला जायची छाती झाली नाही आणि तिच्यापासून समुद्रापलीकडे राहणंही जमलं नाही. आपला पत्ता तेवढा तिला कळवला आणि 'तिला वाटेल तेव्हा ती येईल' असं तो स्वतःला सांगायचा. याला तो समजूतदारपणा म्हणायचा. मी याला भित्रेपणा म्हणेन. अकरा वर्षांत त्यानं एक ओळ लिहिली नाही. हान्काचंही पत्र आलं नाही. ती घर बदलायची तेव्हा एक पोस्टकार्ड तेवढं यायचं. त्यावर नवा पत्ता, बाकी कोरं. खाली सहीसुद्धा नाही. अशी तीन कार्डं त्याच्या फ्रिजवर लावलेली होती. चहा पिताना तो रोज ती बघायचा आणि त्यांत काय नाही याचाच विचार करायचा.

असं चाललं असताना त्याला अनुयानं पकडलं. ही पुण्याची मुलगी, त्याच कॉलेजात संशोधन करणारी, पण डोक्यात एकांकिकेचा किडा. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये तिला एक बारीकसं पुस्तक मिळालं, पोलिश नाटकाचं इंग्रजी भाषांतर. मागच्या फोटोतला माणूस तिनं ओळखला. दुसऱ्या दिवशी ट्रे ठेवताना तिनं पुस्तक पुढं धरलं आणि विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"होतो," लेशेक म्हणाला.

नाटक साधंच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरांत एक ताट जादा मांडतात, अवचित कुणी आलंच तर त्याच्यासाठी. या नाटकातली म्हातारी मुलासाठी ताट मांडते आणि दाराकडे बघत बसते. शेवटची पाच मिनिटं संवाद नाही. कुणी येत नाही, दिवे मंदावतात. अनुयाला हे मराठीत करायचं होतं, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात. लेशेकनं आनंदानं परवानगी दिली, एकाच अटीवर: शेवटच्या पाच मिनिटांना हात लावायचा नाही.

शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग झाला. फायर अलार्मच्या धास्तीनं उदबत्ती लावली नाही, नारळ बाहेर कारपार्कमध्ये फोडला. लेशेक पहिल्या रांगेत होता. मराठीचा त्याला गंधही नव्हता, पण कुठं श्वास घ्यायचा, कुठं थांबायचं हे त्यानंच लिहिलेलं होतं. तो नाटकाबरोबर चालला होता. म्हातारीचं काम सुमनताई करत होत्या. बहात्तर वर्षांच्या, डॉक्टर नवऱ्यामागं एकट्या राहणाऱ्या आणि जन्मात पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या.

शेवट आला. सुमनताई दाराकडे बघत बसल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्या उठल्या. ताटावर दुसरं ताट झाकलं, कोट घातला, दार उघडलं आणि बाहेर निघून गेल्या. विंगेत अनुयानं कपाळाला हात लावला. रंगमंच रिकामा, दार सताड उघडं. आणि टाळ्या पडल्या.

लेशेकला शाल-श्रीफळ मिळालं. नारळ हातात घेऊन तो मेकअपच्या खोलीत गेला. अनुया माफी मागत मागं मागं आली, तिच्याकडे त्यानं लक्षच दिलं नाही.

"तुम्ही का उठलात?" त्यानं सुमनताईंना इंग्रजीत विचारलं.

"अहो, किती वेळ बसायचं? अन्न निवलं की." कापसानं गाल पुसत त्या म्हणाल्या, "माझा मुलगा लेस्टरला असतो. चार वर्षं बोलत नव्हता. मी पण ताठ्यात, त्यानंच यावं म्हणून. शेवटी एक दिवस बसले ट्रेनमध्ये. पहिल्यांदा त्यानं दारातच उभं ठेवलं, मी परत आले. दुसऱ्या खेपेला आत घेतलं."

लेशेकनं हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझी मुलगी काहीच लिहीत नाही. घर बदललं की फक्त पत्ता पाठवते."

सुमनताईंचा हात गालावरच थांबला.

"येऊ नये असं वाटतं त्याला कुणी पत्ता कळवतं का हो?"

आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला तीन पोस्टकार्डं वाचता आली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

रविवारी सकाळी तो एडिनबराच्या ट्रेनमध्ये बसला. पिशवीत नारळ होता. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बेरिकच्या आसपास उजव्या हाताला समुद्र दिसायला लागला आणि त्याचा हात आपोआप वहीकडे गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दार उघडून निघालेला बाप, नारळ, समुद्र. तीन पानं भरली. किती दिवसांनी त्याला इतकं बरं वाटलं होतं. गाडी स्टेशनात शिरली तेव्हा आपण पुन्हा काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या मजल्यावर दार हान्कानंच उघडलं. केस बारीक कापलेले, डोळे आईचे. लेशेकनं रात्रभर जुळवलेली वाक्यं एकदम पळाली. तिनं एवढंच विचारलं,

"हे लिहिणार आहेस?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. लेशेकनं कोटाच्या खिशातून वही काढली.

"लिहायला घेतलंय. ट्रेनमध्ये. तीन पानं." त्यानं वही पुढं केली. "तुझीच आहेत. फाडलीस तरी चालेल."

हान्कानं वही घेतली आणि दार लोटलं.

जिन्यात थंडी होती. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालला होता. परत जावं म्हणून तो दोन पायऱ्या उतरला, आणि थांबला. दाराचा खटका पडल्याचा आवाज काही आला नव्हता.

त्यानं नारळाची पिशवी शेजारी ठेवली आणि तो पायरीवर बसून राहिला.