विस्तवापाशी बसणारा माणूस

लेतूबाबाची आणि माझी ओळख त्याच्या तळहातावर पाणी ओतून झाली. घाटंजीच्या जंगलातल्या त्याच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मी पत्रकं वाटायला गेलो होतो. त्याने अंगणात तीन दगडांवर काळा चहा केला. निघताना मी तांब्यातलं उरलेलं पाणी चुलीवर ओतायला गेलो. आमच्याकडे उघड्यावरची चूल अशीच विझवतात. म्हाताऱ्याने झटकन हात पुढे केला आणि सगळं पाणी तळहातावर घेतलं.

"त्याचं त्याले मरू दे," तो विस्तवाकडे पाहत म्हणाला. "इस्तो मराले टेकला का पाशी बसा लागते. ज्यानं पेटवला त्यानं."

छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्याच्या जागी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आले. मी त्यांवरच वाढलो. नवस, अंगारा, उतारा हे शब्द ऐकले तरी माझं डोकं फिरायचं. मी लगेच विचारलं, "आन् नाही बसलं तर?" देवाचा कोप होतो, असं तो म्हणाला असता तर माझं उत्तर तयार होतं.

"काही नाही होत," लेतूबाबा म्हणाला. "एकटा मरते बिचारा."

पुढे मी त्या पोडावर पुन्हा पुन्हा जात राहिलो.

काडेपेटी त्याने कधी घरात ठेवली नाही. दाराशी वाळल्या बांबूचे दोन तुकडे टांगलेले असत. एक पायाखाली दाबायचा, दुसरा त्यावर आडवा घासायचा, खाली सावरीचा कापूस. धूर निघाला की तो वाकून अशी फुंकर घालायचा, जणू झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची माशी उडवतोय. पत्रक वाचून दाखवलं की शेवटपर्यंत ऐकायचा आणि म्हणायचा, "गोष्ट बरोबर हाय बाबू. पन कागद लै पातळ हाय." त्याची बायको लच्छमी आतून हसायची. हसताना तिला खोकला यायचा आणि मग हसू राहून जायचं.

त्या वर्षी थंडी फार होती. पौषातल्या जत्रेत विकास गटाच्या साहेबांनी जंगलातल्या लोकांच्या स्पर्धा ठेवल्या होत्या: नेम धरणे, माग काढणे, काडेपेटीशिवाय विस्तव पेटवणे. मी संतापलो. ज्या जंगलातून एक बांबू तोडला तर माणसाला पकडून नेतात, त्याच जंगलाची विद्या मंडपात टाळ्यांसाठी मांडायची? मी पोडावर जाऊन सांगितलं, "लेतूबाबा, जाऊ नका. तमाशा करून राह्यले हे तुमचा."

"बक्षीस काय हाय?"

"घोंगडी."

त्याने आत पाहिलं. लच्छमी पोतं पांघरून भिंतीशी बसली होती. "तुले भाषणानं गरमी येते बाबू," तो म्हणाला. "बुढीले नाही येत."

मग मी स्पर्धेचा नियम सांगितला. जाळ दिसला की शिट्टी होणार आणि चपराशी लगेच पाणी टाकणार, कारण मंडप कापडाचा. "पाहू," एवढंच तो म्हणाला.

जत्रेत सगळ्यांच्या आधी त्याचाच जाळ उठला. टाळ्या पडल्या. शिट्टी झाली. चपराशी बादली घेऊन आला आणि लेतूबाबाने दोन्ही तळहात जाळावर आडवे धरले.

"आबा, बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "पुढचा कार्यक्रम आहे."

"करा ना तुमी. मी याले घेऊन बसतो इथीसा. लहानसा हाय, किती वेळ लागते?"

"नियम आहे. घोंगडी जाईल तुमची."

घोंगडी टेबलावर घडी करून ठेवली होती, काळी, लाल काठाची. त्याने तिच्याकडे पाहिलं. कुणी आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग हात न काढता म्हणाला, "जाऊ द्या."

त्याला बाद केलं. घोंगडी दुसऱ्या पोडावरच्या माणसाला मिळाली. मी उठलो आणि साहेबांच्या तोंडावर बोलायला लागलो. जंगल कुणाचं, कायदा कुणाचा, सगळं. खालून माझं धोतर ओढलं गेलं.

"बाबू, भाषण मंग कर. इकडून वारा येते. बस, आडोसा कर."

मी बसलो. पुढे नेमबाजी सुरू झाली, लोक तिकडे वळले. आमच्यामध्ये ओंजळभर जाळ होता. तो राख होईपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलो.

पोडावर पोचलो तेव्हा लच्छमीने विचारलं, "भेटली का?"

"नाही. पानी टाकत होते."

"मंग बरं केलं," ती म्हणाली आणि पोतं गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

माघ संपायच्या आत ती गेली. शेवटचे दिवस लेतूबाबा तिच्या उशाशीच होता, जेवायलाही उठत नव्हता. मी भेटायला गेलो तेव्हा तो बांबूचा तुकडा हातात नुसता फिरवत होता. "घोंगडीनं थोडीच वाचली असती ते," तो म्हणाला. मग तुकडा खाली ठेवून म्हणाला, "ऊब लागली असती."

त्यावर कोणत्या पत्रकात उत्तर आहे, मला अजून सापडलेलं नाही. तत्त्वाची किंमत मी भाषणांत पुष्कळदा सांगितली होती. ती मोजणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यानंतर काही हिवाळ्यांनी लेतूबाबा गेल्याचा निरोप मला यवतमाळला छापखान्यात मिळाला. मी एस.टी.ने घाटंजीला आणि तिथून पायी पोडावर पोचलो, तेव्हा दुपार झाली होती. सरण रचलेलं होतं. जावई बांबूचे ते दोन तुकडे घासत होता. धूर निघायचा, जाळ होत नव्हता. त्याचे हात सोलले. कुणालाच जमेना. शेवटी लेतूबाबाच्या लेकीने, सोमीने, माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून काडेपेटी काढली, आणि काडी ओढताना मान वर करू शकलो नाही.

ऊन उतरलं तशी माणसं एकेक करून परतली. शेवटची एस.टी. पकडायची तर मलाही निघायला हवं होतं. मी चप्पल घातली. सोमी राखेशी उकिडवी बसली होती. अजून मधोमध एक ओंडका लाल होता.

"बाबू," ती म्हणाली, "काडी तुही होती."

मी चप्पल काढली आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो.