दोन फाटकांच्या मधली बाई

अन्याय झाला तो करमाडच्या एका तान्ह्या लेकराच्या आईवर, गेल्या मंगळवारी, कारखान्याची पहिली पाळी सुटल्यावर. आतलं फाटक ढकललं की उघडतं, पण परत आत घेत नाही. ते तिच्या मागं बंद झालं. रस्त्याकडच्या फाटकाला तिनं कार्ड लावलं, तर फाटकावरच्या दिव्याच्या पाटीवर अक्षरं आली, 'ही व्यक्ती आत नाही.'

फाटकाचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, म्हणून पहारेकऱ्याचा फोन मी उचलला.

"साहेब, मशीन म्हणतंय बाई आत नाय. बाई तर माझ्यासमोर उभीय."

मागून ती म्हणाली, "मी आत नाय तर मंग सोड ना रं भाईर. लेकरू उपाशीय माझं."

"हुकूम नाय, ताई. नाव दिसल्याबिगर किल्ली लावता येत नाय."

सकाळी तिची पॅकिंगमधून असेंब्लीत बदली झाली होती. बदली म्हणजे दोन कामं: जुन्या विभागातून नाव काढायचं, नव्यात घालायचं. व्हायची तर दोन्ही व्हावीत, नाहीतर एकही नको. पण आमच्या सिनियरचा लाडका नियम आहे, "ज्यानं दार उघडलं, त्यानंच लावायचं." घरात हे शोभतं. आमच्या कोडात मात्र प्रत्येक फंक्शन, म्हणजे एकेका कामाचा कोडाचा तुकडा, डेटाबेसचं, म्हणजे नोंदींच्या साठ्याचं, आपलं वेगळं दार उघडतं, स्वतःच सेव्ह करतं आणि दार लावून मोकळं होतं. पहिल्या फंक्शननं नाव काढून सेव्ह केलं. दुसरं मध्येच कोलमडलं. काढलेलं नाव परत आणायला वाटच उरली नव्हती, आणि कुठल्याच विभागात नाव नसलेली बाई फाटकाच्या लेखी आत नव्हतीच.

मी सिनियरकडं गेलो. "दादा, दार बदली करणाऱ्या वरच्या फंक्शननं उघडावं. खालच्या दोघांनी तेच वापरावं. सेव्ह एकदाच, शेवटी."

"झाली का भाषणबाजी सुरू? चालू सिस्टीमला हात लावायचा नाही. नाव हातानं घाल अन् चहा घे."

घातलं. फाटक उघडलं. बाई पदर छातीशी धरून पळाली, असं पहारेकऱ्यानं सांगितलं.

नियम आजही तोच आहे. मी रोज त्याच कोडापुढं बसतो, मला हात लावायची मनाई आहे, आणि उद्या सकाळी आणखी बदल्या आहेत. प्रत्येक बदलीला वाटतं, आता कोण अडकणार.

तुम्ही कोड लिहिता ना? मग आजच उघडा, कोण कोण मध्येच सेव्ह करतंय ते शोधा, आणि खालच्यांच्या हातातून सेव्ह काढून घ्या. परवानगी नंतर मागा.