दोन्हीकडचे काका

सकाळी एकाची फिर्याद लिहायची आणि दुपारी तिलाच दुसऱ्याचा जबाब लिहायचा, असा माणूस मी अकोल्याच्या कोर्टात पाहिला. वकिलाला एकच पक्ष घ्यावा लागतो. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनविसाला तसं बंधन नाही, आणि काका त्या मोकळिकीचा पुरता वापर करत. म्हणून व्हरांड्यातले लोक त्यांना ‘दोन्हीकडचे काका’ म्हणत. काहीजण हसून म्हणत, बरेचसे दातओठ खाऊन.

मी कोकणातला. तिसरीतच शाळा सुटली आणि पोटामागे हिंडत अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर झालो. आई, बायको आणि वर्षाचा मुलगा गावी मामाच्या पडवीत होते. मामाच्या घरी लग्न निघालं, तशी पडवी पावसाळ्याआधी मोकळी करा असा निरोप आला. त्याच आठवड्यात मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या एका कोपऱ्यावर लिलावाची डौंडी पिटलेली ऐकली. कापसाचे दलाल गोविंदराव यांचं घर सहकारी बँकेच्या कर्जापायी कोर्टात लिलावाला निघालं होतं. आठ वर्षांची शिल्लक घेऊन मी गेलो आणि बोली माझ्या नावावर थांबली.

हरखून तसाच काकांकडे गेलो आणि घरी पत्र लिहून द्या म्हणालो, ‘घर घेतलं, या.’ काकांची एक रीत होती. लिहिण्याआधी ते प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघत, आणि खरं वाटलं नाही तर टाक दौतीवर आडवा ठेवत. त्यांनी टाक आडवा ठेवला.

“तुले घर नाई भेटलं, बापू. बोली भेटली. आजपासून तीस दिवस घर गोविंदरावचंच हाय. त्यानं पैसा भरला, नाईतर हरकत घेतली, त तू जिथल्या तिथं.”

मला राग आला. मी माझ्याच वाकड्या अक्षरात पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं.

सत्ताविसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोर्टात डोकावलो. काकांच्या सतरंजीवर गोविंदराव बसले होते आणि काकांचा टाक सरसर चालला होता. डौंडी कायद्याप्रमाणे दारासमोर झाली नाही, दूर कोपऱ्यावरच झाली. सबब लिलाव रद्द व्हावा, असा तो अर्ज. गोविंदराव उठून गेल्यावर मी तोंडाला येईल ते बोललो. काकांनी शाई टिपली.

“दोघायचेही अर्ज लिहितो. खोटा कोनाचाच लिहित नाई. डौंडी कोपऱ्यावर झाली का नाई झाली?”

झाली होती. तिथेच तर मी ती ऐकली होती.

कोर्टाने पुढच्या महिन्याची तारीख दिली. मी खोलीवर आलो तर पत्र येऊन पडलेलं. मंडळी निघाली होती. शेळ्या विकल्या होत्या आणि पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट धरली होती. आता पावसाळाभर बोटी बंद; परत पाठवायचं म्हटलं तरी वाट नव्हती, आणि माझ्या खोलीत आम्ही चार फिटर पाळीपाळीने झोपत होतो.

भुसावळकडून येणाऱ्या गाडीवर मी गेलो तेव्हा फलाटावर काका उभे होते. कोणी सांगितलं, कोण जाणे. मला काही विचारायच्या आत त्यांनी आईच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि टांग्यात ठेवलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं. त्यातली एक काकूंनी आधीच सारवून ठेवली होती. चार दिवस म्हणून गेलेली माझी माणसं तिथे चार महिने राहिली.

ते चार महिने आजही आठवतात. दर तारखेला काका गोविंदरावांचे अर्ज लिहीत आणि संध्याकाळी माझ्या मुलाला मांडीवर घेऊन ज्वारीची भाकर दुधात कुसकरून भरवत. आई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “दिवसा आपल्या वाईटावर लिहितो नि रात्री आपल्यालाच वाढतो. ह्या माणसाचं करायचं काय रे?”  मी ‘लवकर काहीतरी करा’ म्हणून मागे लागलो की काका एकच बोलत, “कागदाले त्याच्या पायानं चालू दे. ढकलला त तोंडावर पडते.”

श्रावणात माझी साक्ष लागली. बँकेच्या वकिलाने मला कोपऱ्यात घेऊन पढवलं होतं, डौंडी दारासमोर झाली असंच म्हणायचं. त्या सकाळी काका काही बोलतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते जेवून उठले. निघताना एवढंच म्हणाले, “इचारतील तेवढंच सांग.”

विचारलं, डौंडी कुठे ऐकली?  दाराबाहेर बायको मुलाला घेऊन उभी होती. मी म्हणालो, “कोपऱ्यावर.” बँकेच्या वकिलाने कागद आपटले. गोविंदरावांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

निकालाला आणखी तीन आठवडे लागले. डौंडी कोपऱ्यावर झाली हे खरं, पण तिथून ती घरात ऐकू जाते आणि किंमतही वाजवी आली, म्हणून हरकत फेटाळली. लिलाव कायम झाला. तरी विक्रीचा दाखला मिळायला नक्कल करणारा कारकून रजेवर, मग बेलीफ बाहेरगावी. आणि रोज एकच धास्ती, नागपूरच्या वरच्या कोर्टातून मनाई आली तर?

ताब्याच्या दिवशी काका स्वतः आले. त्यांनी बेलिफाला दारापर्यंत जाऊ दिलं नाही. “सैपाक होऊन राहिला आत. बाई उपाशी घराबाहेर निघाली नाई पाह्यजे,” म्हणाले. आम्ही दोन तास रस्त्यात उभे. कुठून तार येते की काय, म्हणून मी प्रत्येक सायकलवाल्याकडे बघत होतो. शेवटी गोविंदराव, त्यांची बायको आणि दोन मुली ताटं पुसून, ती पोत्यात भरून बाहेर आले. कुणी रडलं नाही. बेलिफाने पंचनामा केला आणि घर माझं झालं.

संध्याकाळी राहिलेल्या वळकट्या आणायला काकांकडे गेलो. आमच्या त्या खोलीत गोविंदराव भिंतीला टेकून बसले होते. मुली काकूंबरोबर चुलीशी होत्या. मी दारातच खिळलो.

“बस. चहा होऊन राहिला,” काका कागदातून डोकं न काढता म्हणाले.

मला पळून जावंसं वाटत होतं. गोविंदरावांनी सरकून जागा केली.  मग कपाकडे बघत ते म्हणाले, “मागच्या खोलीचं दार पावसात फुगते. ओढू नोका. खालून उचला, मंग उघडते.”

घरी आलो तर बायको आणि आई त्याच दाराशी झोंबत होत्या. मी त्यांना बाजूला केलं, खाली वाकलो आणि दार उचललं.