लोपीस, ए.

माझा नवरा ॲन्सेल्म लोपीस, याच्याइतका चिवट माणूस आमच्या अख्ख्या सांडोर गावात सापडायचा नाही. हे मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. वसईच्या एका कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. मुलांना आवडायचा, प्राचार्यांना चालायचा, आणि माझ्या डोक्याला ताप द्यायचा. मी बेटी, लग्नाआधी फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होते. तेवढंच हेरून याने मला मागणी घातली की काय, असं पुढे पुढे मला वाटायला लागलं.

कारण त्याचा तो पेपर. आयुष्यात एकच मोठा पेपर लिहिला या बाबाने, पण घरात दुसरं काही सुचू दिलं नाही. विषय आमच्याच वाडीतला, राजेळी केळी. ही केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी केळीच्याच सुक्या पानांत झाकायची, मग त्यांची सोनेरी सुकेळी होतात. नव्वदनंतर टँकरवाल्यांनी आजूबाजूच्या विहिरी उपसल्या, पाणी मचूळ झालं आणि वाड्यांतली राजेळी हळूहळू संपत आली. ॲन्सेल्मने माती तपासली, पाणी तपासलं, जुने अहवाल धुंडाळले. पण पेपरातलं मुख्य वाक्य त्याचं नव्हतंच. ते त्याच्या आईचं होतं.

माझ्या सासूबाई, आल्बिना, जन्मभर सुकेळी करत आलेल्या. एकदा जेवताना सहज म्हणाल्या, ‘‘पानी मचूळ झालं तेव्हापासून केळं सुकतं, पन पिवळं होत नाय. काळं पडतं.’’ त्या आमच्या घरच्या बोलीत बोलायच्या, मी तुमच्यासाठी जरा सोपं करून सांगतेय. ॲन्सेल्मचा घास हातातच राहिला. तिथून पेपर सुरू झाला. तो म्हणाला, ‘‘आई, हे मी तुझ्या नावाने छापून आणतो बघ.’’

म्हातारी आधी हसली. मग म्हणाली, ‘‘माझं नाव कोन छापतंय? आमच्या लग्नाला कार्डं पन नव्हती. फादरनी देवळात पुकारलं, तेवढंच काय ते.’’ पण त्या दिवसापासून पोस्टमन फाटकाशी आला की ‘‘आलं काय माझं नाव?’’ हे ठरलेलंच. मस्करीत विचारायच्या, पण विचारायच्या.

पेपराच्या शेवटी संदर्भांची यादी असते. कुठली माहिती कुणाकडून घेतली, ते तिथे सांगायचं. त्या यादीत ॲन्सेल्मने लिहिलं, लोपीस, आल्बिना, मुलाखत, सांडोर. पहिल्या जर्नलने पेपर परत पाठवला. लेखन उत्तम आहे, छापू, मात्र संदर्भ आमच्या पद्धतीने द्या. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाचं पहिलं अक्षर, मग कंसात साल. आणि हो, तोंडी माहिती यादीत चालणार नाही, ती नोंद काढून टाका.

प्राचार्य म्हणाले, ‘‘सर, टाका ना काढून. रीडरच्या जागेसाठी तुमचा छापील पेपर हवाय मला.’’ मीही तेच म्हटलं. घरची बाई आहे, ती काय भांडायला येणार आहे? ॲन्सेल्म म्हणाला, ‘‘नाव काढलं तर वाक्यही काढायला हवं. वाक्य तिचं आहे.’’ आणि पेपर मागे घेतला. रीडरची जागा दुसऱ्याला गेली. मी इतकी चिडले होते, की त्या संध्याकाळी त्याला वाढलं आणि तिथे बसलेसुद्धा नाही.

दुसऱ्या जर्नलचं वेगळंच. तिथे नावं नकोत, चौकोनी कंसात आकडे हवेत. आला का पुन्हा टायपिंगचा रगाडा! मी सगळी यादी आकड्यांत बसवायची आणि या महाशयांना मध्येच एखादा जुना अहवाल आठवायचा. तो घातला की खालचे सगळे आकडे सरकले. पेपरभर फिरून एकेक आकडा बदला. त्यात आमच्याकडची वीज. भाच्याकडून आणलेला जुना कॉम्प्युटर धापा टाकत चालायचा, बदल साठवायच्या आत लाईट जायची, आणि मी तिथेच कपाळाला हात लावून बसायची. एवढं करून उत्तर काय? बरेच महिने वाट पाहायला लावून, आम्ही मुलाखती घेत नाही.

‘‘जेजू, माझ्या देवा! अरे, सोड आता,’’ मी हात जोडले. तोही थकला होता. कॉलेजातून आला की चहा समोर ठेवून नुसता बसून राहायचा, चहावर साय धरायची. पण आतून सासूबाईंचा आवाज यायचा, ‘‘ॲन्सेल्म, आलं काय?’’ की हा उठून परत कागद काढायचा.

तिसऱ्या जर्नलने मुलाखत चालेल म्हणून कळवलं. माझा विश्वासच बसेना. पण त्यांचे नियम म्हणजे देवा रे देवा! नियतकालिकांची नावं तोडून, तीही तिरप्या अक्षरांत. पानांच्या आकड्यांमागे टिंब, सालामागे नाही. एका टिंबावरून आमची अशी जुंपली, की आठवडाभर आम्ही सासूबाईंमार्फत बोलत होतो. त्या बिचाऱ्या मांडवाखालून ओरडायच्या, ‘‘बेटी म्हनते टिंब आहे! आता जेवून घे!’’

छापण्याआधी तपासायला कच्ची प्रत आली. त्यांच्या नियमाने आल्बिनाचं नुसतं इंग्रजी ‘ए.’ झालं होतं. त्याच्याच वर ॲन्सेल्मच्या एका जुन्या टिपणाची नोंद होती, तीही ‘लोपीस, ए.’ मी म्हटलं, ‘‘अरे, आई आणि तू सारखेच दिसताय.’’

‘‘साल वेगळं आहे ना,’’ तो डोळे चोळत म्हणाला. ‘‘ए म्हणजे आल्बिना. तिला तसं दाखवीन मी. जाऊ दे, बेटी. पाठव.’’

मीही कंटाळले होते. पाठवली.

दोन हजार तीनच्या जानेवारीत अंक आला. त्या वर्षी मांडवावर थोडीशीच केळी होती, काळसर. सासूबाई खाली खुर्ची टाकून कावळे हाकत बसल्या होत्या. पोस्टमनला त्यांनी काही विचारलंच नाही, त्याच्या हातातला जाड लखोटा बघूनच चष्मा मागितला. ॲन्सेल्मने लखोटा फाडला, शेवटचं पान काढलं आणि तसाच उभा राहिला. चेहराच उतरला त्याचा. मी मागून डोकावले. वर ‘लोपीस, ए.’ होतं, त्याचं. खाली नाव नव्हतंच. नावाच्या जागी एक लांब आडवी रेघ, आणि पुढे मुलाखत, सांडोर, साल. एकच माणूस यादीत लागोपाठ आला, की नाव पुन्हा छापत नाहीत, रेघ मारतात. त्यांना ही दोन माणसं आहेत, हे कळलंच नव्हतं.

‘‘दाखव की,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘कुठं आहे?’’

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. वरच्या नावावर बोट ठेवून ‘ही तू’ म्हणाला असता, तर सगळं निभावलं असतं. मला वाटलं, म्हण बाबा, एकदा खोटं म्हण. पण हा कसला म्हणतोय! तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने रेघेवर बोट ठेवलं. ‘‘इथे, आई.’’

‘‘ही तर रेघ आहे.’’

‘‘हो. तेच माणूस परत आलं, की ते नाव लिहीत नाहीत. रेघ मारतात.’’

सासूबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं.

‘‘पन मी परत कुठं आले?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी तर पहिल्यांदाच आले.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेली सगळी वर्षं, गेले ते स्वल्पविराम, ती टिंबं! मी ॲन्सेल्मच्या खिशातलं पेन ओढलं, अंक हिसकावला आणि त्या रेघेवर मराठीत ठळक गिरवून लिहिलं, आल्बिना लोपीस. प्रार्थनेचं पुस्तक वाचायच्या, तेवढी अक्षरं त्यांना येत होती. त्यांनी बोट फिरवत एकेक अक्षर लावून वाचलं आणि त्या हसल्या. मला वाटलं, चला, निभावलं.

मग त्यांनी ॲन्सेल्मकडे बघितलं. ‘‘आनि बाकीच्यांच्या पुस्तकात?’’

तो उठला, मांडवावरचं एक केळं उलटलं, परत ठेवलं.

‘‘त्यांच्यात तू रेघच, आई,’’ तो म्हणाला.