पुसलं न गेलेलं फुटेज

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी लातूरला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

एका संध्याकाळी डाळ मिलमागच्या गल्लीत कुणीतरी एका हमालाच्या डोक्यात लोखंडी गज घातला होता. तो बेशुद्ध होता. त्याला दवाखान्यात आणणाऱ्या रिक्षावाल्याचे कपडे रक्ताने माखलेले, म्हणून संशय त्याच्यावरच गेला. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, अटक, पोलीस कोठडी. चौकशीत तो एकच सांगायचा, "साहब, म्या उचललं त्याला. तसाच सोडून गेलो असतो तर कपडे साफ राहिले असते ना."

खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट थोडी सजवतो. याची गोष्ट तसूभरही बदलत नव्हती. पण माझ्या मताला कोर्टात कोण विचारतो?

घटनेला अकरा दिवस होत आले, तेव्हा खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पेंडीच्या दुकानाचा मागचा कॅमेरा गल्लीकडं हाय. कुणी बघितलाच न्हाई." आम्ही धावलो. दुकानदार हात जोडून म्हणाला, "आठच दिवसांचं राहतंय, साहेब. त्यावर नवं चढतंय. मशीन बसवणाऱ्यानंच सांगितलं."

माझा हवालदार माघारी वळला. मी नाही. फुटेज घेताना पेन ड्राइव्ह कमी पडून पडून किती रेकॉर्डिंगला किती जागा लागते हा हिशेब मला पाठ झाला होता.

"नंतर सेटिंग बदललं होतं का?"

"हाव. मागल्या वर्षी देवीला माहूरला गेलो तवा. येईपर्यंत समदं टिकावं म्हणून क्वालिटी कमी करून घेतली. मग तशीच राहिली."

मी मशीनचं सेटिंग उघडलं. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला दोन मेगाबिट, एकूण आठ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट. दिवसाला साधारण शहाऐंशी जीबी. डिस्क एक टीबीची. भागाकार केला आणि ओरडलोच, "साडेअकरा दिवस! रेकॉर्डिंग थांबवा आधी!"

आम्ही बोलत होतो तेवढ्यातही मशीन जुनं पुसतच होतं. पंच बोलावले, पडद्याभोवती सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. ती संध्याकाळ शाबूत होती! गज घेऊन आलेला माणूस वेगळाच. तो पळाला. मग रिकामी गल्ली. दोन दुचाकी जखमीला वळसा घालून गेल्या. त्यानंतर रिक्षा थांबली. आम्ही लहान मुलांसारख्या टाळ्या पिटल्या. डिस्क पंचनामा करून सील केली. खरा आरोपी आठवड्यात उदगीरला सापडला.

माणसांची उलटतपासणी आम्ही रोज करायचो; यंत्राबद्दल मात्र कुणी काही सांगितलं की मान डोलवायचो. ती सवय या केसने मोडली. पण मनात घर करून राहिलं ते दुसरंच. कोर्टाने सोडल्यावर रिक्षावाला ठाण्यात आला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

त्याने विचारलं, "साहब, तो हमाल बोलायला लागला का?"