तिसरा तुकडा

आमच्या घरासमोरच्या दुकानातल्या शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणे. एकतीस वर्षं एकच मशीन, पायाने चालवायचं, आणि तेही अनवाणी. "चप्पल घातली की मशीन माझ्याशी बोलत नाही," म्हणायचे. खाली पडलेली टाचणी ते कधी वाकून शोधत नसत. डाव्या तळव्याने फरशी चाचपायची, की टाचणी सापडलीच. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे जुळवून लोहचुंबकावर ठेवल्याशिवाय ते पुढचा टाका घालत नसत. गिऱ्हाइकाच्या कपड्यात सुईचं टोक राहिलं तर तो शिंपी कसला!

चार मार्चला मी त्यांच्या दुकानात बसले होते. माझ्या पडद्याच्या जाड दुमडीत सुई तटकन मोडली. दोन तुकडे मिळाले, टोक मिळेना. मास्तरांनी पडदा झटकला, उलटसुलट चाचपला, मग फरशीवरून पाय फिरवला. दोनदा.

"खाली नाही. उडालं असेल कुठेतरी."

"वाकून बघा की जरा," आतून त्यांची बायको म्हणाली. "म्हणे पाय म्हणजे तिसरा डोळा!"

"तुझ्या दोन डोळ्यांपेक्षा बरा."

आम्ही तिघंही हसलो.

मास्तरांना बारा वर्षं मधुमेह होता. तळव्याला आधी मुंग्या यायच्या, वर्षभरापासून तिथे काहीच कळत नव्हतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वहिनींनी मशीनला हात, म्हणजे पाय, लावू दिला नसता.

पंधरवड्याने त्यांना ताप आला, मग पाठ धरली. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शिंप्याची पाठ दुखते यात कुणाला नवल वाटणार? वहिनी शेकत राहिल्या, मास्तर शिवत राहिले.

दोन एप्रिलला सकाळी मी राहिलेला एक पडदा आणायला गेले. मास्तर स्टुलावर बसले होते, दोन्ही पाय पॅडलवर, आणि मशीन बंद.

"ताई, जरा बघता का? पॅडल अडकलंय."

मी वाकून हाताने दाबलं. चाक गरकन फिरलं. मी वर पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं.

मणक्यात पू साठून मज्जारज्जूवर दाब आला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठे काही लागलं होतं का?"

"कुठेच नाही," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी पांघरूण सारून डावा पाय उलटा केला. तळव्यावर मोहरीएवढा काळा ठिपका. एक्स-रेत सुईचं टोक स्पष्ट दिसलं. तिथूनच जंतू रक्तात शिरले आणि पाठीत जाऊन बसले. सुई कधी मोडली ते नक्की कुणालाच आठवेना, म्हणून मी घरून डायरी आणली. सुई मोडल्यापासून पाय लुळे पडेपर्यंत एकोणतीस दिवस. चार मार्चच्या पानावर मी लिहिलं होतं : 'पडदे छान. सुई मोडली, टोक सापडलं नाही.'

"सापडलं एकदाचं," मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

पायात हालचाल यायची असेल तर सहा आठवड्यांत दिसेल, असं बाई म्हणाल्या होत्या. रोज सकाळी वहिनी त्यांना डोळे मिटायला लावून पायाचं एकेक बोट दाबत.

"कोणतं?"

"अंगठा."

दाबलेली असे करंगळी. वहिनी म्हणत, "बरोबर."

सहा आठवडे संपले तेव्हा त्यांनी विचारणं बंद केलं.

आता मशीन वहिनी चालवतात, पायात बूट घालून. मास्तरांची खाट दुकानातच आहे. "धागा ताणलाय," ते पडल्यापडल्या सांगतात, आणि बहुधा ताणलेलाच असतो. परवा माझ्यासमोर सुई मोडली. वहिनींनी बॅटरी घेतली, गुडघ्यांवर बसून तिन्ही तुकडे शोधले, जुळवून चुंबकावर ठेवले. मग उठून खाटेपाशी गेल्या आणि पांघरूण वर करून मास्तरांचे दोन्ही तळवे उजेडात निरखून पाहिले, बोटांच्या बेचक्यांसकट.

मास्तर भिंतीकडे तोंड करून होते. पायाला कुणी हात लावलाय हे त्यांना कळलं नाही.

"काय गं, थांबलीस का?" त्यांनी विचारलं.