लुडबुड्याच्या अहिरेबाई

अहिरेबाई बोलायला उभ्या राहिल्या की आधी चपला काढायच्या, मग गुडघ्यांत अर्ध्या वाकायच्या आणि मान वर करायच्या. माइक मुद्दाम त्यांच्या कपाळाच्याही वर लावलेला असे. पन्नाशीला आलेली, केस पिकलेली, सुती साडीतली बाई अशी अवघडून छताकडे बघत उभी राही. आणि तोंड उघडलं की खोलीत सहा वर्षांचं पोर बोलू लागे. पहिल्या दिवशी मी त्यांना खुर्ची देऊ केली. त्या म्हणाल्या, "मूल नेहमी वर बघून बोलतं, लेखक. सगळी मोठी माणसं त्याच्या वरच असतात ना. मान वर केल्याशिवाय तो आवाज येत नाही."

ही शहाण्णव-सत्त्याण्णव सालची गोष्ट. नाशिक-पुणे रस्त्यावर टायरच्या एका दुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि भिंतींना ठोकलेल्या गाद्या. मुंबईहून कार्टूनची चित्रं तयार होऊन यायची आणि त्यांतल्या प्राण्यांना मराठीत बोलतं करायचं काम माझं. मुंगसाचं तोंड चारदा उघडत असेल तर वाक्य चार अक्षरांचं. गोष्टी लिहायच्या म्हणून मी या धंद्यात आलो होतो आणि दिवसभर अक्षरं मोजत बसायचो. बोलणारी मंडळीही कुठून कुठून गोळा केलेली. अहिरेबाई एका शाळेत बालवर्गाला शिकवत. आमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या दिलीपची मुलगी त्यांच्या वर्गात होती. तिनं एकदा बाईंची गोष्ट घरी सगळ्या आवाजांसकट करून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी दिलीप शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. लुडबुड्या नावाच्या मुंगसाच्या पिल्लाचा आवाज असा त्यांच्याकडे आला. तो त्यांनी नऊ वर्षं दिला.

सकाळची शाळा उरकून त्या दुपारी यायच्या. घरी अर्धांगानं पडलेले यजमान होते. त्यांना उचलून बसवणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं करून त्या आमच्याकडे खिदळायला येत. माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. खाली एखाद्या ट्रकनं हॉर्न वाजवला की सगळं पहिल्यापासून. आठव्यांदा, नवव्यांदा तेच हसू. दिलीप काचेपलीकडून ओशाळून विचारायचा, पुन्हा घेऊ का? फार दमल्या की बाईंच्या तोंडून त्यांची सटाण्याकडची बोली निसटायची. "बरं शे," म्हणायच्या आणि पुन्हा गुडघ्यांत वाकायच्या.

माझी वाक्यं त्या मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी लाल पेन्सिलनं तपासायच्या. एकदा त्यांनी 'परंतु'वर काट मारली. मला राग आला. अक्षरं नेमकी जुळत होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलं परंतु म्हणत नाहीत. पण म्हणतात, आणि त्याच्या पुढे रडतात. हे तुम्ही बोलताय, लुडबुड्या नाही." मी वाक्य बदललं. पुढे पुढे तर लिहितानाच त्यांचा आवाज कानात यायचा आणि माझा हात आपोआप थांबायचा.

एका शाळेनं स्नेहसंमेलनाला बोलावलं. मुलांना लुडबुड्या भेटणार असं त्यांनी परस्पर सांगून ठेवलं होतं. बाई स्टेजवर गेल्या आणि बोलल्या. मुलं अगदी गप्प झाली. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली, बाईंकडे बघत राहिली आणि एकदम भोकाड पसरून रडू लागली. त्या बाईनं लुडबुड्याला गिळलंय, असं ती तिच्या आईला सांगत होती. सगळे हसले. बाईही हसल्या. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "तिचं काही चुकलं नाही. मीही रडले असते." त्यानंतर त्यांनी कधी कुठलं बोलावणं घेतलं नाही.

दोन हजार पाचच्या सुमाराला चॅनलनं मालिका नव्यानं करायची ठरवली. चित्रं कॉम्प्युटरवर होणार होती आणि आवाजही ताजे हवे होते. मला मुंबईला बोलावून तीन आवाज ऐकवले. नावं सांगितली नव्हती. दुसरा आवाज बाईंचा होता हे मला पहिल्या श्वासालाच कळलं, कारण तो श्वास अपुरा पडत होता. वर्षभरापासून पडत होता. दिलीप आणि मी त्यावर बोलायचं टाळत होतो. तिसरा आवाज दीप्ती नावाच्या, सिन्नरच्या एका तरुणीचा होता. स्वच्छ, मोकळा. कोणता घ्यायचा, असं मला विचारलं. मी म्हणालो, तिसरा.

बाईंना मी सांगितलं की चॅनलनं निर्णय घेतलाय. त्या पदराला हात पुसत होत्या.

"तुम्ही होतात का तिथं?" त्यांनी विचारलं.

"होतो."

"मग बरं. ओळखीचं कुणीतरी होतं."

एवढंच बोलून त्यांनी नवी मुलगी, म्हणजे दीप्ती, स्टुडिओत कधी येणार ते विचारलं. तीन दिवस येऊन त्यांनी तिला लुडबुड्याचं हसू शिकवलं. आधी सगळा श्वास सोडायचा आणि मग उरलेल्यावर हसायचं, मुलं तशीच हसतात, हे त्या स्वतः धापा टाकत तिला दाखवत होत्या. मी त्या तिन्ही दिवशी काहीतरी काम काढून बाहेरच्या खोलीत बसलो.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. मधल्या काळात त्यांचे यजमान गेले. मी तेव्हा बाहेरगावी होतो. फोन केला, तोही बाईंना नाही, दिलीपच्या घरी. मग दिलीपनंच सांगितलं की बाईंची फुप्फुसं थकली आहेत, त्या घराबाहेर पडत नाहीत. एका दुपारी मुंबईचं काम आटोपून आलो होतो. नाशिकरोडला उतरलो आणि घरी न जाता सरळ त्यांच्याकडे गेलो. त्या फार वाळल्या होत्या. पाणी प्यायच्या आधीच मी बोलून टाकलं, की बाई, तो आवाज मी निवडला होता.

त्या म्हणाल्या, "माहीत होतं मला. तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात तेव्हाच कळलं." थोडा वेळ त्या श्वास गोळा करत राहिल्या. "निवड बरोबर केलीत. मीही तिलाच घेतलं असतं. पण हे सांगायला दोन वर्षं लावलीत, लेखक. या दोन वर्षांत इथं बोलायला कुणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तुम्हीही दमलात, जरा पडा, असं बालवर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मी खरंच त्यांच्या दिवाणावर आडवा झालो. कितीतरी दिवसांत इतका गाढ झोपलो नव्हतो.

ती आमची शेवटची भेट. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

त्या दुपारी जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. अंगावर चादर होती. बाई माझ्याकडे पाठ करून टीव्हीसमोर बसल्या होत्या. लुडबुड्या लागला होता. मी झोपलो होतो म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता. शेजारच्या कपाटाच्या आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता. पडद्यावर मुंगसाचं पिल्लू तोंड उघडत होतं आणि तेवढ्याच वेळा, अगदी त्याच क्षणी, बाईंचे ओठ हलत होते. वाक्यं माझीच होती, पण ती त्यांनी कधी वाचलेली नव्हती. ती दीप्तीच्या नवीन भागांतली होती, टीव्हीवर ऐकूनच त्यांना पाठ झालेली.

मी जागा झाल्याचं त्यांना कळू दिलं नाही. भाग संपेपर्यंत तसाच पडून राहिलो.